गेम मध्येच बंद पडतो? नवं कार्ड घेण्याआधी हे वाचा



परीक्षा संपून सुट्टी लागली की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रंग बदलतो. मार्चपर्यंत "प्रोजेक्टची फाइल उघडत नाही" असं विचारलं जातं. एप्रिल उजाडला की "गेम चालू केल्यावर दहा मिनिटांत स्क्रीन काळी होते" हे सुरू. यंदा अशा प्रश्नांत दोन वाक्यं वारंवार दिसली. एक बाहेरचं: "ग्राफिक्स कार्ड गेलंय, नवीन टाका." आणि एक घरातलं: "आणखी खेळ गेम! खेळून खेळून मशीनची वाट लावलीस."

दोन्ही वाक्यं बहुधा घाईची असतात. मधल्या दर्जाचं नवं कार्डसुद्धा आज सहज पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातं. एवढे पैसे घालून तोच गेम त्याच जागी पुन्हा बंद पडला, तर पैसे जातात आणि घरातला विश्वासही जातो. म्हणून आज ही भानगड मुळापासून समजून घेऊ. यातले बहुतेक उपाय फुकटात होण्यासारखे आहेत.

दुभाषा गप्प बसला की काय होतं?

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात मराठी आणि दारात दुसरी भाषा असते. वडोदऱ्यात गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी, बेळगावात कन्नड, हैदराबादेत तेलुगू. म्हणजे दुभाष्याचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको. ग्राफिक्स ड्रायव्हर हा असाच दुभाषा आहे. गेम डायरेक्टएक्स किंवा व्हल्कनच्या भाषेत सांगतो, "इथे डोंगर काढ, तिथे सावली पाड." ड्रायव्हर ते त्या विशिष्ट कार्डाला कळेल अशा आज्ञांमध्ये बदलतो. सेकंदाला साठ वेळा किंवा त्याहून जास्त हे चालू असतं.

आता समजा, कार्डाला दिलेलं एखादं काम अडकलं. विंडोज वाट पाहते, पण फार नाही, फक्त २ सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ती कार्ड अडकल्याचं धरते आणि कार्ड व ड्रायव्हर दोघांनाही नव्याने सुरू करते. या व्यवस्थेला टीडीआर म्हणतात आणि ती विंडोज व्हिस्टापासून आहे. त्याआधी कार्ड अडकलं की बहुतेक वेळा सगळा संगणकच बंद करून चालू करावा लागे.

म्हणजे "ड्रायव्हर क्रॅश झाला" हा संदेश खरं तर विंडोजने तुम्हाला वाचवल्याची पावती असते. गेमला मात्र हा धक्का सहसा सोसत नाही, कारण त्याने कार्डाच्या मेमरीत मांडलेला सगळा पसारा पुसला जातो. म्हणून "डिव्हाइस रिमूव्ह्ड" किंवा "डिव्हाइस हंग" असं काहीतरी लिहून तो बंद पडतो.

आणि काम का अडकलं, हे त्या संदेशात कुठेच नसतं. ते आपल्याला शोधायचं आहे.

कसा बंद पडला, हे आधी नीट बघा

डॉक्टर आधी विचारतात, ताप कधी येतो, थंडी वाजून येतो का. तसंच इथेही आहे. मुख्य चार प्रकार आहेत.

पहिला, गेम एकदम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो, बाकी संगणक ठणठणीत. एकाच गेममध्ये होत असेल तर संशय त्या गेमवर, त्याच्या फाइलींवर किंवा ड्रायव्हरशी त्याच्या न जुळण्यावर घ्या.

दुसरा, स्क्रीन काही क्षण काळी होऊन परत येते. हा वर सांगितलेला टीडीआर. ड्रायव्हर, ओव्हरक्लॉक, उष्णता, मेमरी यांपैकी काहीही असू शकतं.

तिसरा, निळी स्क्रीन आणि त्यावर "व्हिडिओ टीडीआर फेल्युअर" असे शब्द. म्हणजे विंडोजने कार्ड नव्याने सुरू करण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला.

चौथा, काहीही संदेश न येता, कोणीतरी बटण बंद केल्यासारखा संगणक खाडकन बंद होतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. इथे ड्रायव्हर बदलत बसण्यात सहसा वेळ जातो. आधी पॉवर सप्लाय आणि उष्णता तपासा.

स्क्रीन काळी पडून तशीच राहिली, पण आवाज येत असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबून पाहा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. स्क्रीन परत आली तर दुखणं ड्रायव्हरच्या आसपास आहे असा अंदाज बांधता येतो, आणि उघडी असलेली कामाची फाइलही सेव्ह करता येते.

संगणक रोजनिशी लिहितो, ती वाचा

स्टार्ट मेनूत "रिलायबिलिटी" हा शब्द इंग्रजीत टाइप करा. "व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी" असा पर्याय येईल. त्यात तारखेनुसार लाल फुल्या दिसतात. कोणत्या दिवशी काय बंद पडलं आणि त्याच्या आगेमागे कोणता अपडेट बसला, हे एका नजरेत कळतं. दहा तारखेला ड्रायव्हर बदलला आणि अकरापासून फुल्या सुरू झाल्या, तर अर्धा तपास तिथेच संपला.

अधिक खोलात जायचं तर "इव्हेंट व्ह्यूअर" उघडून "विंडोज लॉग्ज"मधला "सिस्टिम" विभाग पाहा. तिथे "डिस्प्ले" या नावाने ४१०१ क्रमांकाची नोंद असेल तर टीडीआर झाल्याचं नक्की. "कर्नेल-पॉवर ४१" म्हणजे संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. "डब्ल्यूएचईए-लॉगर" अशी नोंद दिसली तर प्रोसेसर, मेमरी किंवा कार्डाच्या जोडणीने यंत्राच्याच चुकीची तक्रार केली आहे. ती दुर्लक्षून चालणार नाही.

एक सावधगिरी. या नोंदींत एनव्हिडियाच्या ड्रायव्हर फाइलचं लांबलचक, उच्चारता न येणारं नाव अनेकदा दिसतं. ते दिसलं म्हणून दोषी तोच, असं मानू नका. भांडण झालं तेव्हा दुभाषा बोलत होता, म्हणून त्याचं नाव नोंदीत आलं, एवढाच त्याचा अर्थ.

आधी फुकटचे उपाय, एका वेळी एकच

एक वही घ्या. काय बदललं आणि त्यानंतर किती वेळ गेम टिकला, हे लिहीत जा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर बरं कशाने झालं ते कळत नाही, आणि दुखणं पुन्हा उलटलं की पहिल्यापासून सुरुवात.

१. गेमच्या फाइली तपासा. स्टीम, एपिक यांसारख्या ठिकाणी फाइली पडताळण्याची सोय असते. बिघडलेली फाइल तेवढीच पुन्हा उतरवली जाते.

२. गेमवर तरंगणाऱ्या खिडक्या बंद करा. डिस्कॉर्ड, स्टीम, एक्सबॉक्स गेम बार, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर हे सगळे गेमच्या चित्रात हात घालतात. एकेक बंद करून बघा.

३. गेममध्ये डायरेक्टएक्स ११ आणि १२ अशी निवड असेल तर दुसरी वापरून बघा. तसंच मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेम रेटला ६० ची मर्यादा घाला. न दिसणाऱ्या फ्रेम काढत कार्ड उगाच तापत राहतं. ही एक मर्यादाही कधी कधी पुरते.

४. ओव्हरक्लॉक काढा. तुम्ही केलेलं, कार्डाच्या सॉफ्टवेअरने केलेलं आणि बायोसमध्ये मेमरीसाठी चालू केलेलं एक्सएमपी किंवा एक्स्पो, सगळंच. वर्षभर चाललेलं ओव्हरक्लॉक उन्हाळ्यात किंवा नव्या, जड गेममध्ये कोसळू शकतं. कारखान्यातूनच जास्त वेगाने आलेल्या कार्डाचा वेग ५० ते १०० मेगाहर्ट्झने कमी करून पाहा. तेवढ्याने क्रॅश थांबले, तर कार्ड काठावर चालतंय असं समजा.

५. आता ड्रायव्हर. नवा बसवल्यावर त्रास सुरू झाला असेल तर "डिव्हाइस मॅनेजर"मध्ये डिस्प्ले अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधून "रोल बॅक ड्रायव्हर" करा. नवं म्हणजे चांगलंच, असं काही नसतं. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला होता. त्यामुळे काही कार्डांचे पंखे नीट चालत नव्हते आणि कार्डं तापत होती.

६. मागे जाऊनही भागलं नाही तर ड्रायव्हर मुळासकट काढा. यासाठी "डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर" नावाचं मोफत साधन आहे, लोक त्याला डीडीयू म्हणतात. क्रम असा: योग्य ड्रायव्हर कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवा. इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर बसवते. शिफ्ट दाबून "रीस्टार्ट" करा आणि सेफ मोडमध्ये जा. डीडीयू चालवा, संगणक पुन्हा सुरू करा, मग उतरवलेला ड्रायव्हर बसवा. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही तर खात्याचा पासवर्ड लागतो. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की लागू शकते. दोन्ही हाताशी ठेवूनच सुरुवात करा. संगणक बाबांच्या कामाचाही असेल तर त्यांना विचारल्याशिवाय हे करू नका.

लॅपटॉपवाल्यांनी लॅपटॉप कंपनीने दिलेला ड्रायव्हरही वापरून बघावा. लॅपटॉपमध्ये अनेकदा दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं आणि एक वेगळं. दोघांचे ड्रायव्हर ताजे हवेत.

मे महिना, धूळ आणि हवा

आपल्याकडे हा भाग विसरून चालत नाही. ग्वाल्हेर, इंदूर, वडोदरा इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कार्डाचा पंखा खोलीतलीच हवा आत घेतो. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढंच जास्त तापतं. जानेवारीत ७२ अंशांवर सुखाने चालणारं कार्ड मे महिन्यात त्याच गेममध्ये ८५ गाठू शकतं.

तापमान पाहायला वेगळं काही नको. टास्क मॅनेजरच्या "परफॉर्मन्स" भागात "जीपीयू"वर टिचकी मारली की वेगळ्या कार्डाचं तापमान दिसतं. गेम खेळताना ते सतत ८५ च्या वर राहत असेल तर हवा खेळत नाही असं समजा. लॅपटॉपचे आकडे थोडे जास्तच असतात. कार्ड फार तापलं की ते आधी स्वतःचा वेग कमी करतं. म्हणून क्रॅशच्या आधी गेम अडखळत असेल तर ती उष्णतेची खूण आहे.

उपाय साधे आहेत. पीसी भिंतीपासून आणि पडद्यापासून हातभर दूर ठेवा. टेबलाच्या बंद कप्प्यात तर नकोच. संगणक बंद करून, वायर काढून, धूळ ब्रशने किंवा ब्लोअरने साफ करा. त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून खेळू नका, खालची जाळी बंद होते. गोव्यात आणि बेळगावच्या पावसाळ्यात धुळीत ओल मिसळून ती चिकटते, तिथे सफाई पावसाआधी आणि पावसानंतर अशी दोनदा करावी.

पॉवर सप्लाय: डब्यातला मुका माणूस

संगणक जोडताना सगळे पैसे कार्डावर आणि प्रोसेसरवर जातात, उरले त्यात पॉवर सप्लाय येतो. कार्ड जोर लावताना क्षणभरासाठी नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतं. कमकुवत किंवा जुना सप्लाय त्या क्षणी दम तोडतो. वर सांगितलेला चौथा प्रकार तो हाच.

कार्डाला वीज देणारे प्लग घट्ट बसलेत का, ते पाहा. दोन प्लग लागत असतील तर एकाच वायरच्या दोन तोंडांऐवजी सप्लायमधून दोन वेगळ्या वायर घ्या. नव्या १६ पिनांच्या प्लगबाबत तर जास्तच काळजी हवी. २०२२ च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० कार्डांचे काही प्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा, प्लग पूर्ण आत न बसणं हे एक मोठं कारण असल्याचं एनव्हिडियाने सांगितलं होतं.

आणि दिवे जाऊन इन्व्हर्टर लागण्याच्या क्षणीच संगणक बंद होत असेल, तर त्यात कार्डाचा काहीच दोष नाही. तिथे चांगला यूपीएस हवा.

संशय एकावर, दोष दुसऱ्याचा

घाईने कार्ड का बदलू नये, याचं मोठं उदाहरण २०२४ मध्ये समोर आलं. अनरिअल इंजिनवर बनलेले काही गेम सुरू होतानाच "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी" असं सांगून बंद पडत. वाचणाऱ्याला वाटणार, कार्डाची मेमरी कमी पडते. पण भरपूर मेमरीची महागडी कार्डं असलेल्यांनाही तोच संदेश येत होता.

दोष निघाला प्रोसेसरमध्ये. इंटेलचे १३ व्या आणि १४ व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर, विशेषतः वरच्या दर्जाचे, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळाल्याने हळूहळू अस्थिर होत होते. गेम सुरू होताना फाइली उलगडण्याचं आणि शेडर तयार करण्याचं जड काम प्रोसेसर करतो. तिथे त्याच्या हातून चूक होई आणि संदेश मात्र व्हिडिओ मेमरीच्या नावाने येई. २०२४ मध्ये इंटेलने हे मान्य केलं, ऑगस्टपासून बायोस अपडेटमधून दुरुस्ती दिली आणि या प्रोसेसरांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. मात्र जो प्रोसेसर आधीच खराब झाला, तो अपडेटने बरा होत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो.

तुमच्याकडे या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोस ताजा करा. बायोस अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, एवढं लक्षात ठेवा.

असाच दुसरा छुपा गुन्हेगार म्हणजे रॅम. विंडोजमधलं "मेमरी डायग्नोस्टिक" किंवा पेन ड्राइव्हवरून चालणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवा. सकाळी एक जरी चूक दिसली तरी रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासा.

एक उपाय जो करू नये

व्हिडिओंमध्ये हमखास सांगतात की रजिस्ट्रीत जाऊन ते २ सेकंद वाढवून ८ किंवा १० करा. मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलंय की या नोंदी चाचणी आणि तपासासाठी आहेत. वाट जास्त पाहिल्याने अडकलेलं काम सुटत नाही. स्क्रीन २ ऐवजी १० सेकंद गोठते, इतकंच. त्याच व्हिडिओंखाली "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" देणारी सॉफ्टवेअरं असतात, त्यांच्यापासूनही लांब राहा.

आणि खरंच कार्ड गेलं असेल तर?

तेही होतंच. संगणक सुरू होताना, विंडोज यायच्या आधीच स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा पट्टे दिसत असतील, आणि केबल व मॉनिटर बदलूनही ते जात नसतील, तर संशय कार्डावरच घ्यावा. पक्की परीक्षा एकच: तुमचं कार्ड मित्राच्या संगणकात आणि त्याचं तुमच्या संगणकात. दुखणं कार्डाबरोबर गेलं तर दोष कार्डाचा, तुमच्याच घरी राहिलं तर दुसऱ्या कशाचा. मित्राचा पॉवर सप्लाय तेवढा दमदार आहे ना, हे आधी बघा.

दोष कार्डाचाच ठरला तर पहिलं काम बिल शोधणं. बऱ्याच कंपन्या कार्डावर ३ वर्षांची वॉरंटी देतात. ती संपली नसेल तर कार्डाचा कूलर स्वतः उघडू नका आणि सिरीअल नंबरचं लेबल जपा.

आता घरातल्या त्या दुसऱ्या वाक्याबद्दल, आणि हा भाग आईबाबांनाही वाचून दाखवा. गेम खेळल्याने चांगलं कार्ड बिघडत नाही, ते त्याच कामासाठी बनवलेलं असतं. गेम संगणकाची सर्वात कठीण परीक्षा घेतो, म्हणून कुठेतरी दडलेला कच्चा दुवा तिथे आधी उघडा पडतो. पत्र टाइप करताना न दिसलेला सप्लायचा दोष गेममध्ये दिसतो, पण तो दोष आधीपासूनच असतो. किती वेळ खेळावं हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर आईबाबांचं ऐकायलाच हवं. पण "मशीन तू खराब केलंस" हा आरोप तपास झाल्याशिवाय नको.

दुकानात जायची वेळ आलीच तर ती वही बरोबर न्या. कोणत्या तारखेला काय झालं, तापमान किती होतं, ड्रायव्हर कोणता, काय काय करून पाहिलं, हे लिहिलेलं असलं की इंदूरचा जेल रोड असो की सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर, बोलणं मुद्द्यावर येतं. "कार्ड गेलंय" म्हणणाऱ्याला शांतपणे विचारा, "दुसऱ्या मशीनमध्ये लावून दाखवता का?" चांगला कारागीर याला आनंदाने हो म्हणेल.

या सदराला प्रश्न पाठवतानाही एवढं जरूर लिहा: कार्ड, प्रोसेसर आणि पॉवर सप्लायचं मॉडेल, ड्रायव्हरचा क्रमांक, बंद पडण्याचा प्रकार वरच्या चारपैकी कोणता, आणि आतापर्यंत काय बदललं. तेवढ्यावर उत्तर बरंच नेमकं देता येतं.